पंचांगात नसलेलं काम

फोन थरथरला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. दुसऱ्या दिवशी वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे आलेच, अर्धे पांढरे, अर्धे लाल, आणि सकाळच्या गाडीने शिंचूहून वान-चिंग यायची होती. पोरगी एकतीस वर्षांची झाली तरी लाल गोळे मोजून घेते. मी कोपराने फोन जवळ ओढला आणि वाचलं. तुमच्या कानाच्या यंत्रासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे. पंधरा मिनिटं लागतील. एकदा बसवल्यावर जुन्या सिस्टिमकडे परत जाता येणार नाही. खाली दोन चौकोन होते, 'आत्ता' आणि 'नंतर'. मी करंगळीने 'नंतर' दाबलं, काचेवर पिठाचा ठिपका उमटला, आणि बस्स, तेवढंच झालं. तरी मी गोळा वळायचं विसरून उभी राहिले. परत जाता येणार नाही, हे असं आधी सांगायची पद्धत मला नवीनच होती. लग्नाच्या वेळी मला कुणी तसं लिहून दिलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ताप आला तेव्हाही नाही.

पुढच्या खोलीत माझा नवरा रुई-तेंग खुर्ची उन्हात सरकवत होता. खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज माझ्या यंत्रात एक विशिष्ट 'खर्र' असा येतो, मधे तुटून, दोन तुकड्यांत. खऱ्या खुर्चीचा आवाज तसा नसावा. पण मला खरी खुर्ची काय करायची आहे? बारा वर्षं ही दोन तुकड्यांची 'खर्र' ऐकली की मला कळतं, तो आहे, तो बसला, आता तो चष्मा शोधेल. दवाखान्यातल्या त्या गोड मुलीने, मिस पेंगने, दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की नवं येणार आहे. "मावशी, खूप फरक पडेल. गाणी गाण्यासारखी वाटतील. लांबचं, हळू बोललेलं, सगळं ऐकू येईल." मी विचारलं, आणि माणसांचे आवाज? ती म्हणाली, "बदलतील. जास्त खरे होतील." ही पंचविशीतली पोरगी मला माझ्या नवऱ्याचा जास्त खरा आवाज देणार होती. मी तिला पेरू देऊन आले. नाही घेतलं तर काय, हेही विचारून ठेवलं होतं. आहे ते यंत्र बिघडेपर्यंत चालेल, बिघडलं की दुरुस्ती नाही, नवं घ्यावं लागेल आणि त्यात नवीच सिस्टिम असेल. म्हणजे आज ना उद्या. पण आज आणि उद्या यांच्यात जे अंतर असतं त्यातच तर माणूस राहतो.

ताप नऊ दिवस होता. दहाव्या दिवशी मी उठले तेव्हा नर्सचं तोंड हलत होतं आणि मला वाटलं की ती मुद्दाम थट्टा करतेय. त्यानंतरची दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक बोटं दाखवायचं, तीन, पाच, सात, आणि मी तेवढे वार फाडून द्यायचे. कापड फाटताना हाताला कळायचं, कानाला नाही. याचा राग यायचा. कुणाचा ते कळत नसे, म्हणून तो रुई-तेंगवर निघायचा, कारण तो सोयीचा होता. तो नळखात्यात मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या घरामागच्या बोळांत वाकून आकडे लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोची बोलणी खायची, त्यातही उत्तर द्यायची सोय नाही. मग डोक्यात तार बसवली, कानामागे यंत्र आलं, आणि पहिल्या दिवशी ते चालू केलं तेव्हा माझा नवरा पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या बदकासारखा ओरडला. मी रडले. लोकांना वाटलं, आनंदाने. दवाखान्यातल्यांनी सांगितलं, रोज अर्धा तास कुणीतरी वाचून दाखवायचं, ज्यात तेच तेच शब्द येतात असं काहीतरी, म्हणजे मेंदू शिकेल.

आमच्या घरात पुस्तक म्हणजे एकच, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेलं पंचांग. देवळातून दरवर्षी फुकट मिळतं. रुई-तेंगने ते काढलं आणि माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. आज लग्नास योग्य. घर बदलण्यास योग्य. खाट बसवण्यास योग्य. विहीर खणण्यास अयोग्य. चूल मोडण्यास अयोग्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट, पुन्हा विहीर, पुन्हा चूल, फक्त बाजू बदललेल्या. बदक वाचत राहिलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बदकाने "अयोग्य" म्हटलं आणि मला ते कळलं, ओठ न बघता कळलं. माझ्या दुसऱ्या जन्मात मी ऐकलेला पहिला शब्द हा. त्यानंतर चूल कळली, खाट कळली, आणि पावसाळ्याच्या शेवटी बदक कधी माणूस झालं ते समजलंसुद्धा नाही. स्वच्छ, ठाशीव, शब्द न् शब्द सुटा करून मांडणारा माणूस. ही माझी लाडकी गोष्ट. बाकी जग अजून पत्र्याचंच होतं. कचऱ्याच्या गाडीचं गाणं म्हणजे चमच्यांची पिशवी जिन्यावरून सांडल्यासारखं, शेजारणी म्हणजे कोंबड्या. पण रुई-तेंग मात्र लख्ख. त्याचा तापाआधीचा आवाज कसा होता ते मी विसरून गेले. किती प्रयत्न केला आठवायचा! अठ्ठावीस वर्षांचा तो, स्कूटरवर पुढे बसलेला, मान अर्धी वळवून काहीतरी म्हणतो आहे, वारा आहे, त्याची मान आठवते, कानामागचा तीळ आठवतो, आवाज नाही. म्हणजे एकदा तो माझ्या हातून गेलाच आहे. आता ज्याला मी नवऱ्याचा आवाज म्हणते तो हा दुसरा, आणि काचेवरचा तो पांढरा चौकोन हाही न्यायला आला होता.

मी हे सगळं कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक. मी तशी सुखी बाई आहे. दुकान आता आठवड्यातले चारच दिवस उघडते, गुडघे बरे आहेत, नवरा दारू पीत नाही, मुलगी फोन करते. सकाळी कोपऱ्यावर जाऊन आम्ही दोघं माशाची पेज खातो, तो माझ्या वाटीतलं आलं उचलतो, मी त्याच्या वाटीतला माशाच्या पोटाचा मऊ तुकडा. अशा माणसाने आणखी काय मागायचं? नवं काही नको, असं म्हणायचा हक्क सुखी माणसालाच असतो, असं मला त्या दिवशी पिठाचे गोळे वळताना अगदी मनापासून वाटलं.

वान-चिंगला दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं. मी सांगितलं नाही, फोनच पुन्हा थरथरला आणि तिने वाकून वाचलं. ती संगणकाच्या कंपनीत आहे, तिला असलं काही अर्धवट पडलेलं बघवत नाही.

"आई, हे कधीपासून आलंय? दाबून टाक ना."

"परत जाता येणार नाही, असं लिहिलंय."

"अगं, सगळ्यावर तसंच लिहिलेलं असतं!"

"सगळं मी कानात घालत नाही."

रुई-तेंगने वाटी खाली ठेवली, उठला, आणि खिळ्यावरून पंचांग काढून आणलं. नवं होतं, याच महिन्यापासून सुरू होणारं, आदल्याच आठवड्यात देवळातून आणलेलं, अजून शाईचा वास येत होता. त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि स्वच्छ ठाशीव आवाजात म्हणाला, "आधी हे ठरवू या, की हे काम मोडतं कशात. मी म्हणतो, खाट बसवणं. म्हणजे कसं, घर तेच, माणूस तेच, फक्त आत नवी वस्तू बसवायची."

"खाट कसली?" मी म्हणाले. "हे घर बदलणं आहे. उठून सगळंच दुसरीकडे."

"बाबा, केस कापणं धरा," वान-चिंग म्हणाली. "डोक्याचंच काम आहे."

"केस परत वाढतात," मी म्हणाले.

"मग विहीर खणणं. त्यातूनही मागे जाता येत नाही."

"विहिरीला पुढच्या महिन्यात दहा तारखेपर्यंत मुहूर्त नाही," रुई-तेंग गंभीरपणे पानं उलटत म्हणाला. "खाटेला परवा आहे. घर बदलायला सोमवारी. आज तर सगळंच अयोग्य. बघ, काहीच करू नये असं दिलंय, आंघोळसुद्धा धरलेली नाही."

"आंघोळ तर तुम्ही तशीही केलेली दिसत नाही," पोरगी म्हणाली, आणि तो इतका हसला की पंचांग गोळ्यांच्या गुळपाण्यात टेकलं. मीही हसले. पण माझ्या लक्षात आलं, की घे किंवा नको घेऊ असं तो एकदाही म्हणाला नव्हता. चाळीस प्रकारची कामं त्याने वाचून दाखवली असतील, स्वतःचं मत मात्र नाही. तसा तो नेहमीचाच, भिडस्त. नंतर त्याने वान-चिंगच्या वाटीत आणखी एक लाल गोळा टाकला. ती म्हणाली, हे गोळे खाल्ले की वय वाढतं म्हणतात, मला एक वर्ष जास्त मोठं करू नका. तो म्हणाला, म्हातारी हो, लग्न कर.

भांडी आम्ही दोघींनी घासली. नळ बंद केल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मला दिसेल अशी. ही सवय तिला सतराव्या वर्षापासून आहे.

"आई, तुला नक्की कशाची भीती वाटते?"

मी सांगून टाकलं. मुलीला सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. म्हणाले, तुझ्या बाबांचा आवाज जाईल. इतका सुंदर आवाज आहे त्यांचा, इतका स्पष्ट, बाकी सगळे कोंबड्यांसारखे आणि त्यांचा एकट्याचा माणसासारखा. या यंत्राने मला काय दिलं असेल तर तेवढंच नीट दिलं. ते मी स्वतःच्या हाताने पुसू?

वान-चिंगने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"आई, बाबा तसं बोलत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याशीच तसं बोलतात. दुसऱ्या कुणाशीच नाही. मला फोन करतात तेव्हा मला अर्धं कळत नाही, इतकं पुटपुटतात. शेजारच्या काकांशी, देवळात, दुकानात, सगळीकडे तोंडातल्या तोंडात. तू खोलीत आलीस की छाती पुढे काढतात आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे बोलतात. आम्ही मैत्रिणी हसायचो कॉलेजात असताना. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी ओलं फडकं घेऊन तशीच उभी राहिले आणि माझ्या आईचं एक वाक्य वर आलं, चौतीस वर्षांपूर्वीचं, लग्न ठरलं तेव्हाचं. मुलगा चांगला आहे गं, पण तोंडात भात धरून बोलतो. आवाज आठवत नव्हता त्याचा, पण हे आठवलं, की मी त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे. काय? काय म्हणालास? स्कूटरवर तर काहीच कळायचं नाही, मी नुसतं हं हं म्हणायचे आणि त्याच्या मानेवर हनुवटी ठेवायचे. मग ताप, मग बदक, मग पंचांग. पाच आठवडे तो माझ्यासमोर बसून आवाज वरखाली करून बघत असणार. कुठला उच्चार केल्यावर हिच्या चेहऱ्यावर काही हलतं, कुठे थांबलं तर हिला शब्द सुटा लागतो. त्याने शोधून काढलं आणि मग तसाच बोलत राहिला. न्याहारीला, स्वतः आजारी असताना, भांडताना, झोपेतून उठवल्यावर. बारा वर्षं. आणि मी इकडे यंत्राचे आभार मानत होते. यंत्र बनवणाऱ्यांना मी एका नववर्षाला शुभेच्छापत्रसुद्धा पाठवलं होतं. मला इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की मी फडकं तसंच हातात घेऊन निघाले.

पुढच्या खोलीत तो ओलं झालेलं पंचांग उन्हात धरून बसला होता. मी त्याच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"तू माझ्याशी जसा बोलतोस तसं बोलू नकोस," मी म्हणाले. "वान-चिंगशी फोनवर बोलतोस तसं बोल."

त्याने मुलीकडे बघितलं. चोरी सापडल्यासारखा लाल झाला. "कशाला? तुला ऐकू येणार नाही, लुआन."

"बोल तर."

तो बोलला. त्याचे ओठ जेमतेम हलले. एरवी जी हनुवटी शब्दागणिक वरखाली होते ती जागची हलली नाही. त्याचा चेहरा सैल झाला, खांदे उतरले, घरात आल्यावर पट्टा सोडतात तसा तो माणूस माझ्यासमोर आरामात बसला, आणि हा बसलेला माणूस मी ओळखत होते. आवाज मात्र तांदूळ धुताना येतो तसा आला. पाण्याचा, दाण्यांचा, शब्द एकही नाही. तो बराच वेळ बोलत होता. मध्येच हसला. वान-चिंगही हसली, नंतर तिने तोंड फिरवलं. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. ते मला दुसऱ्या कुणाकडून नाही, त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"फोन दे," मी म्हणाले.

"आज?" तो ताठ झाला, परत त्या कवितेच्या आवाजात गेला. "आज सगळं अयोग्य आहे, लुआन. परवा खाट बसवायला आहे, परवा कर."

"पंचांगात हे काम आहे का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग त्याला अयोग्य तरी कोण म्हणतंय?"

"बाबा, हरलात तुम्ही," वान-चिंग म्हणाली.

मी 'आत्ता' दाबलं. यंत्राचा दिवा विझला आणि मी माझ्या जुन्या शांततेत गेले. ती मला अनोळखी नाही, दोन वर्षं आम्ही एकत्र काढली आहेत. पंधरा मिनिटं उन्हातले धुळीचे कण बघितले. समोर तो हात मांडीवर ठेवून बसला होता, दवाखान्याच्या बाकावर बसतात तसा. मला एकदा वाटलं, याला शेवटचं एकदा वाचायला सांगायला हवं होतं, खाट, विहीर, चूल, काहीही. माझ्या लक्षातच आलं नाही. आता तो आवाज संपला होता आणि त्याचं शेवटचं वाक्य काय होतं, तर परवा कर. हे मला लागलं. अजून कधी कधी लागतं.

मग दिवा हिरवा झाला आणि जग माझ्या अंगावर आलं. फ्रीज. रस्ता. वान-चिंगच्या जाकिटाचं कापड कापडावर घासत होतं. कापड हातात घेऊन मी तीस वर्षं काढली, हे असं बोलतं हे विसरले होते. तो माझ्यासमोर आला, छाती पुढे काढली, आणि म्हणाला, "ऐकू, येतंय, का?" जाड, घोगरा, घशात थोडा कफ असलेला कुणीतरी म्हातारा बोलला. मोठ्याने, जरुरीपेक्षा फारच मोठ्याने. माझा रुई-तेंग त्यात कुठेच नव्हता. मी मान हलवली, येतंय म्हणाले. माझा स्वतःचा आवाजही दुसऱ्याच बाईचा होता. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावरचं मात्र मला दिसलं. त्याने पंचांग खिळ्याला लावलं, आणि आल्याचं पाणी गरम करतो अशी हाताने खूण करून स्वयंपाकघरात गेला. वान-चिंग त्याच्या मागे जायला निघाली. मी तिला हाताने थांबवलं.

कारण भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत होतं. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. आधी नुसती गुणगुण आली, मग त्यातून एक शब्द सुटला, मग दुसरा, त्यांना न ओढता, न ढकलता, आपोआप. "...आलं इथे, गूळ इथे, आणि झाकण? झाकण कुठे फेकते देव जाणे. चौतीस वर्षं झाली, एक झाकण जागेवर ठेवता येत नाही या बाईला..." आवाज तोच घोगरा, पण सैल, पट्टा सोडलेला. मला दिसत नसलेल्या माणसाचं, मला उद्देशून नसलेलं बोलणं मी चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. तो किती छान कुरकुरत होता! आपल्याला कुणी ऐकत नाही अशा पूर्ण खात्रीने, मजेत, चवीने. रोज इतकं काही तो माझ्याबद्दल बोलत आला असणार आणि मला त्यातलं काहीच मिळालं नव्हतं.

"वरच्या फळीवर आहे," मी म्हणाले. "चहाच्या डब्यामागे."

आतली भांडी थांबली. गॅसचा फुसफुस आवाज तेवढा येत राहिला. वान-चिंगने तोंडावर हात ठेवला. मग आतूनच, तसंच, तोंडातल्या तोंडात रुई-तेंग म्हणाला,

"मेलो. आता आली का पंचाईत."

तेही मला ऐकू आलं.